आमचे आठ दात

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या सायकलीचे आठ दात कमी केले. तेव्हापासून आमच्या सकाळच्या सायकल-मंडळात माझ्याकडे, एकादशीला कांदाभजी खाताना सापडलेल्या वारकऱ्याकडे बघावे, तसे बघतात. तोंडावर कुणी काही बोलत नाही. पण सात रस्त्याला चहासाठी थांबलो की कुणीतरी माझ्या सायकलीच्या पायडलाशी वाकतो, दात मोजल्यासारखे करतो आणि शेजारच्याला म्हणतो, "वय झालं की व्हायचंच." परवा तर एक पोरगा म्हणाला, "बघ बे, साहेबांनी कवळी बसवली!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ठरवले की या विषयावर एकदा लेखी भांडून टाकायचे. तेव्हा हा लेख भांडणाचा आहे. मध्ये कुठे विनोद झालाच तर तो माझ्या हेतूविरुद्ध झाला असे समजावे.

ज्यांचा सायकलीशी असलेला संबंध शाळेबरोबरच सुटला, त्यांच्यासाठी आधी थोडे व्याकरण. पायडल जिथे बसवलेले असतात तिथे एक दातेरी चकती असते. आपल्या साध्या सायकलीला ती एकच. शर्यतीच्या सायकलीला बहुधा दोन असतात, थोरली आणि धाकटी. मागच्या चाकाला तशाच लहान लहान चकत्यांची उतरंड, दहा, अकरा, हल्ली बारासुद्धा. चेन कुठल्या चकतीवरून कुठल्या चकतीवर न्यायची ते हँडलवरच्या खटक्यांनी ठरते. पुढे दात जास्त आणि मागे कमी असले, की पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल लांब ढांग टाकते, पण पाय जड होतो. पुढे कमी आणि मागे जास्त असले, की सायकल तोकडी पावले टाकते, पण पाय हलका. झाले. सगळे शास्त्र एवढेच. बँकेत तीस वर्षे व्याजाची गणिते केलेल्या मला हे समजायला दोन वर्षे आणि एक गुडघा लागला, ही गोष्ट वेगळी.

माझ्या सायकलीला पुढे ५३ आणि ३९ दात होते. आता ५० आणि ३४ आहेत. ९२ वजा ८४, बाकी आठ. भांडण या आठांचे आहे.

ही सायकल मी विकत घेतलेली नाही. माझ्या मेहुणीचा मुलगा पुण्याला इंजिनियरिंग करता करता शर्यती खेळायचा. पुढे तो अमेरिकेला गेला आणि जाताना सायकल आमच्याकडे ठेवून गेला. "काका, पडून राहण्यापेक्षा चालवत जा," म्हणाला. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि पडून राहण्याची भीती सायकलीपेक्षा मलाच जास्त होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही सीट खाली घेतली, कारण तो सहा फुटी. हँडल वर घेतले, कारण माझी पाठ. त्याचे बूट त्याने नेले, ते बरेच झाले. म्हणजे त्या सायकलीत त्याच्या मापाचे जे जे दिसत होते, ते सगळे आम्ही माझ्या मापाचे करून घेतले. दात मात्र बावीस वर्षांच्या शर्यतपटूचे होते ते तसेच राहिले. तेही मापाचेच असतात, सदऱ्यासारखे, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही.

आले नाही म्हणणेही खरे नाही. मी एकदा विचारले होते. आमच्या मंडळाचे पुढारी एक दंतवैद्य आहेत. माणूस लाखमोलाचा. पहाटे पाच वाजता सगळ्यांना फोन करून उठवतात, पंक्चर झाले की स्वतः बसतात. पण दातांच्या बाबतीत कडवे. त्यांना मी भीत भीत विचारले, "डॉक्टर, चढाला जरा जड जातंय. पुढची चकती लहान मिळते म्हणे?" त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. "मिळते की. पण ५०-३४ कुणासाठी असते? नवशिक्यांसाठी आणि महाबळेश्वरला राहणाऱ्यांसाठी. सोलापुरात चढ आहे कुठं? तळहातासारखं गाव. खरा गडी ५३ वर. जरा महिनाभर रेटा, पाय आपोआप तयार होतील." ज्या गृहस्थाची उभी हयात दुसऱ्यांचे दात काढण्यात गेली, त्याने माझा एक दात काढू दिला नाही!

मी रेटले. महिनाभर नव्हे, दोन वर्षे. पाय तयार झाले की नाही माहीत नाही, उजवा गुडघा मात्र तयार झाला. सकाळी जिना उतरताना तो बोलू लागला. आधी कुजबुजत, मग ही स्वयंपाकघरातून विचारू लागली, "अहो, कसला आवाज तो?" इतपत.

शेवटचा घाव तुळजापूरच्या घाटात बसला. सोलापूर सपाट आहे हे खरे, पण आपण काही हुतात्मा चौकाभोवती गोल गोल सायकल फिरवत नाही. सायकल हातात आली की सोलापूरकर उत्तरेला तोंड करतो, हिप्परग्याचा तलाव मागे टाकतो आणि आईच्या दर्शनाला निघतो. पंचेचाळीस किलोमीटर. तुळजापूर बालाघाटच्या डोंगरात आहे, आणि देवी काही डॉक्टरांना विचारून तिथे बसलेली नाही. कोजागरी जवळ आली होती, रस्त्याच्या कडेने सोलापूरहून पायी निघालेल्यांची रीघ लागली होती. घाट सुरू झाला, मी पुढे ३९ आणि मागे २५ लावले. त्याच्यापुढे हलके काही नव्हतेच. खटका दाबतोय, दाबतोय, तो नुसता "टक" म्हणतोय. कंपनी डब्यात बिस्कीट संपल्यावरही आपण हात घालतो ना, तसे. पायडल एकेक करून ढकलत होतो. वर आल्यावर पुढच्याची वाट बघायची, इतका एकेक. मंडळातले निम्मे पुढे गेले होते, निम्मे मागे कुठेतरी झाडाखाली थांबले होते. शेवटी गुडघ्यात कळ आली आणि मी उतरलो. सायकल हातात धरून चालू लागलो. शेजारून एक म्हातारी चालली होती, पाय अनवाणी, कपाळभर मळवट, हातात परडी. तिने मला नीट न्याहाळले, सायकलीला न्याहाळले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "सायकलबी नवसाची हाय का, बाबा?"

काय सांगणार? मी "हो" म्हणालो. ती म्हणाली, "आई पावंल." आणि पुढे निघून गेली. भराभर.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघा वाकवून पाहिला आणि सायकल बंद करायला सांगितली. त्यांचे चूक नव्हते. त्यांनी गुडघा तपासला, दात त्यांच्याकडे नेलेच नव्हते. घरी येऊन मी सायकल जिन्याखाली उभी केली. खोटे कशाला बोलू, त्या रात्री मला जेवण गेले नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेताना वाटले नव्हते इतके म्हातारे त्या जिन्याखाली वाटले.

ती सायकल परत बाहेर काढली आमच्या जॉबरमामांनी. हे आमचे शेजारी. गिरणीत जॉबर होते, म्हणजे माग लावणारे, बिघडले तर सुधारणारे. गिरण्या बंद पडल्यावर पूर्व भागात यंत्रमागांवर त्यांनी उरलेले आयुष्य काढले. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि मशीनशी कुठल्या भाषेत बोलतात ते त्यांनाच ठाऊक. जिन्याखाली सायकल बघून म्हणाले, "का हो, बंद का केलाव?" मी गुडघ्याची कथा सांगितली. ते खाली बसले, खिशातून चष्मा काढला आणि पुढच्या चकतीचे दात मोजले. मग मागचे मोजले. मग पायडल एक फेरा फिरवून मागचे चाक किती फिरते ते बघितले. पुन्हा एकदा फिरवले. आणि म्हणाले, "साहेब, चादरीचं चाक लावून टॉवेल विणायलाव तुम्ही."

मला काही कळले नाही. तेव्हा त्यांनी सांगितले ते असे. मागावर कापड पुढे सरकवणारी दातेरी चाकांची एक माळ असते. त्यातले एक चाक बदलता येते. कापड दाट विणायचे की विरळ, इंचाला किती पिक म्हणजे आडवे धागे बसवायचे, ते त्या चाकाच्या दातांवर ठरते. माल बदलला की जॉबर ते चाक काढतो आणि दुसरे लावतो. "आम्ही मागाला कधी म्हणलं न्हाई की तू जोर लाव, तयार हो. चाक बदललं की झालं. तुम्ही गुडघा बदलायला निघालाव."

वाचकहो, दंतवैद्य, हाडवैद्य आणि इंटरनेट या तिघांनी मिळून जे मला दोन वर्षांत सांगितले नाही, ते या माणसाने जिन्याखाली उकिडवे बसून पाच मिनिटांत सांगितले.

मग मी वही घेऊन बसलो. सायकलीचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जाते. ३९ ला २५ ने भागले तर दीड पट आणि वर थोडे, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात सव्वातीन मीटर. मिनिटाला ६० फेरे मारायचे म्हटले तर ताशी जवळजवळ १२ किलोमीटरने घाट चढला पाहिजे. माझ्या पायांत घाटाला ९ आहेत. ९ ने चढायचे तर फेरे ४५ वर येतात, आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याने तुळजापूर थोडे थोडे उचलायचे. तेच पुढे ३४ आणि मागे २८ लावले, तर एका फेऱ्यात अडीच मीटर. त्याच ९ किलोमीटरला ६० च्या आसपास फेरे. घाट तोच, मी तोच, वेळ तेवढाच. फक्त ओझे एकदम न उचलता चार खेपा जास्त करायच्या. घरात बायका पाण्याची कळशी भरून ठेवताना हेच करतात. त्याला कुणी कमजोरी म्हणत नाही.

पुण्याला फोन केला. तेव्हा कळले की नुसती चकती बदलता येत नाही. चकती ज्या पाच बोल्टांवर बसते त्यांचे वर्तुळ माझ्या सायकलीवर १३० मिलिमीटरचे. त्यावर ३८ च्या खाली दात असलेली चकती बसतच नाही. ३४ हवी तर ११० मिलिमीटरचे वर्तुळ पाहिजे, म्हणजे पायडलाच्या दांड्यांसकट सगळा क्रँकच नवा. किंमत ऐकून मी फोन खाली ठेवला. ही म्हणाली, "अहो, तेवढे पैसे द्यायचेत तर जास्त दातांचं घ्या की! कमी दातांना जास्त पैसे?" तिचा मुद्दा बिनतोड होता. दातांचा असा उलटा दर आमचे डॉक्टरसुद्धा लावत नाहीत. पण मग ती जिन्याखाली बघून आली, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन काय फुकट होतं?"

सामान आले. मागची २८ दातांपर्यंतची उतरंड आली, क्रँक आला. जॉबरमामांनी असा क्रँक जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तो हातात फिरवला, वजन बघितले, "हलका हाय," म्हणाले, जणू भाजी. जुना काढायला खास पान्हा लागत होता, तो त्यांनी एका गॅरेजवाल्याकडून मिळवला. गंमत चेनची झाली. मला वाटले दात कमी झाले म्हणजे चेन कापावी लागणार. मामा म्हणाले, "थांबा. चेन मोठ्यावरून मोठ्यावर मोजायची. ५३ आन् २५ किती?" अठ्ठ्याहत्तर. "५० आन् २८?" अठ्ठ्याहत्तर. "मग?" तीस वर्षे बँकेत काढलेला मी गप्प बसलो. जुनी चेन झिजली होती म्हणून नवी घातली, पण कड्या तेवढ्याच ठेवल्या. मात्र पुढची चेन ढकलणारा जो पिंजरा असतो तो खाली घ्यावा लागला, कारण तीन दात गेले की चकतीची कड सहा मिलिमीटर आत येते. पिंजरा तसाच वर राहिला तर चेन वाटेल तिथे उडी मारते. मामांनी तो खाली घेतला, दातांच्या आणि पिंजऱ्याच्या मध्ये एक नाणे सरकवून फट बघितली आणि नाणे खिशात टाकले. मजुरी म्हणून त्यांनी एवढेच घेतले. नाणे माझे होते.

आता डॉक्टरांच्या पक्षाकडे वळतो. त्यांचा पहिला मुद्दा सपाटीचा. मंडळी, जुलै महिन्यात पुण्याच्या रस्त्याने मोहोळकडे सायकल घालून बघा. पावसाळी वारा पश्चिमेकडून असा येतो की जणू तो मोहोळहून फक्त तुमच्यासाठी निघाला आहे. वारा म्हणजे न दिसणारा घाट. घाटाला निदान माथा असतो, माथ्यावर चहा असतो, पलीकडे उतार असतो. वाऱ्याला यातले काही नसते, आणि परत यावे तर तोपर्यंत तो पडलेला असतो. सपाट मुलखाला लहान चकती कशाला, असे विचारणाऱ्याने सपाट मुलूख नुसता एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेला असतो.

दुसरा मुद्दा वेगाचा. ५३ काढून ५० लावले म्हणजे वेग गेला म्हणे. किती गेला? ५३ आणि ११ वर मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी साडेचोपन्न किलोमीटर. ५० आणि ११ वर साडेएक्कावन्न. म्हणजे माझे ताशी तीन किलोमीटरचे नुकसान झाले, तेही अशा वेगाला, ज्या वेगाने मी फक्त बसमध्ये बसून गेलो आहे. आमच्या मंडळाचा सकाळचा खराखुरा वेग बावीस ते पंचवीस. कुणी तीस सांगत असेल तर त्यातला उतार वजा करावा.

एक मुद्दा मात्र त्यांचा खरा आहे आणि तो मान्य करायला मला लाज नाही. ५० आणि ३४ मध्ये सोळा दातांचे अंतर पडते. ५३-३९ मध्ये चौदाच. त्यामुळे धाकट्या चकतीवर उतरले की पाय एकदम मोकळे भिरभिरतात, पायरी आहे समजून अंधारात पाय टाकावा तसे, आणि लगेच मागचे एक-दोन खटके उलटे मारावे लागतात. पहिले आठ दिवस मी याला वैतागलो. मग शिकलो की गावात आणि सपाटीला पन्नासवरच राहायचे, मागच्या मधल्या चकत्यांवर. चौतीसला घाटासाठी आणि मोहोळच्या वाऱ्यासाठी राखून ठेवायचे. घरातल्या मोठ्या पातेल्यासारखे. रोज काढायचे नाही, पण पाहुणे आले तर घरात असायला हवे.

राहिला "खरा गडी" हा मुद्दा. हा मुद्दा सोलापूरचा नाही, थेट फ्रान्सचा आहे, आणि सव्वाशे वर्षे जुना आहे. ज्या आंरी देग्रांज नावाच्या संपादकाने १९०३ साली 'टूर द फ्रान्स' सुरू केली, तो गिअरांचा पक्का शत्रू. १९०२ साली तिकडे एक चाचणी झाली. मार्थ हेस नावाची बाई तीन गिअरांच्या सायकलीवर आणि एक नावाजलेला पुरुष स्पर्धक एकाच गिअरवर. डोंगरी रस्ता. बाई जिंकली. त्यावर देग्रांजने लिहिले त्याचा मथितार्थ असा, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, खऱ्याने स्नायूंच्या बळावर जिंकावे, आपण मऊ पडत चाललो आहोत. बाई जिंकली हे त्याला दिसले नसावे, किंवा फार दिसले असावे. पुढे त्याच्या शर्यतीत कित्येक वर्षे चेन बदलणाऱ्या गिअरांना बंदी होती. जगातले सर्वांत तगडे स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढायचे, दुसऱ्या बाजूची चकती चेनखाली यावी म्हणून ते उलटे करून बसवायचे आणि मग चढायचे. म्हणजे दात सगळेच बदलत होते. सोयीने बदलायला तेवढी मनाई! १९३७ साली बंदी उठली, आणि घाट काही त्यामुळे सपाट झाले नाहीत.

आणि डॉक्टर, तुम्ही ज्या ५३-३९ ला खऱ्या गड्याची खूण म्हणता, ती जोडी शिमानोने २०२१ साली आपल्या सर्वांत उंची संचातून गाळून टाकली आहे. आता तिथे ५४-४०, ५२-३६ आणि हीच आमची ५०-३४. आणि त्या ५४ वाल्यांच्या मागची उतरंड बघा, ३४ दातांपर्यंत जाते. ज्यांचा धंदाच पायांवर चालतो ते लोक मागे चौतीस घेऊन डोंगर चढतात, आणि ज्यांचा धंदा खुर्चीशेजारी उभे राहून दात उपटण्याचा ते मागे पंचवीस लावून गुडघ्याशी मर्दुमकी करतात. आमच्यातल्या एका पोराला ५३ शोभते, हे मी नाकारत नाही. तो चोवीस वर्षांचा आहे आणि त्याची पोटरी माझ्या मांडीएवढी आहे. त्याने खुशाल वापरावे. देग्रांजचे म्हणणे पंचेचाळिशीपुढच्यांना गिअर चालतील असे होते. मी एकसष्ट वर्षांचा आहे. म्हणजे त्या कर्मठ माणसानेसुद्धा मला सोळा वर्षांपूर्वीच परवानगी देऊन ठेवली होती, ती डॉक्टर आज नाकारत आहेत.

हे सगळे मी हसत लिहितो आहे, पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. आमच्या मंडळात सुरुवातीला अठरा जण होते. आज अकरा आहेत. सातांपैकी चौघे गुडघ्याचे कारण सांगून गेले. त्यांतले एक निवृत्त मुख्याध्यापक. माझ्यासारखेच साठीत सायकलीला लागले होते, आणि पहिल्यांदा अक्कलकोटला जाऊन आले तेव्हा स्वामींचा प्रसाद सगळ्या गल्लीत वाटला होता. तेही दोन वेळा घाटात उतरले, तिसऱ्यांदा आलेच नाहीत. त्यांच्या घरी गेलो तर गॅलरीत सायकल उभी आणि तिच्या हँडलवर दोन टॉवेल वाळत घातलेले. म्हणाले, "आपल्याच्यानं होत नाही आता." मी तेव्हा मान हलवली. मला त्या मान हलवण्याची आज लाज वाटते. त्यांच्याच्यानं होत होतं. त्या ३९ दातांच्यानं होत नव्हतं. कुठल्यातरी शर्यतपटूच्या पायांसाठी ठरवलेला आकडा, तो यांच्या सायकलीवर दुकानातून तसाच आला, आणि त्या आकड्याने एका माणसाला सांगितले की तू आता म्हातारा झालास. आणि त्याने ते ऐकले! चाळीस वर्षे वर्गात गणित शिकवलेल्या माणसाने दात मोजले नाहीत.

माझे वडील गिरणीत कारकून होते. त्यांच्या काळ्या सायकलीचे दात मी आता, माळ्यावरून ती उतरवून, मोजले. पुढे ४४, मागे १८. एकच गिअर, तोच सकाळी, तोच संध्याकाळी. रेल्वेच्या पुलाचा चढ आला की वडील सावकाश उतरायचे. मी दांडीवर बसलेला असायचो, मला म्हणायचे, "तू बस." आणि सायकल ढकलत चालायचे. पाळी सुटलेली असायची, सगळा पूल सायकलींनी भरलेला, आणि सगळेच्या सगळे उतरून चाललेले. गप्पा मारत, तंबाखू मळत. कुणी कुणाला गडी आहेस का म्हणून विचारत नव्हते. चढ आहे तर उतरायचे, माथा आला की बसायचे. त्यांना दुसरी चकती परवडणारी नव्हती आणि लाजही परवडणारी नव्हती. आम्हाला दोन्ही परवडतात, आणि आम्ही त्यातली नेमकी लाज घेतली.

गेल्या महिन्यात तुळजापूरला जाऊन आलो. घाटात न उतरता. वेगाने गेलो असे म्हणणार नाही. एक टेंपो, दोन मोटरसायकली आणि कुत्र्याचे एक पिल्लू माझ्या पुढे गेले. पण पाय फिरत राहिले, गुडघा बोलला नाही, आणि वर पोचल्यावर मला श्वास होता. मुख्याध्यापकांना मी सांगून आलो आहे, टॉवेल काढून ठेवा म्हणून. त्यांच्या क्रँकचे वर्तुळ ११० चेच निघाले. त्यांचे स्वस्तात होईल.

जुनी ५३ ची चकती हिने धुऊन पुसून स्वयंपाकघरात घेतली. गरम पातेले ठेवायला तिच्याइतकी उत्तम वस्तू नाही म्हणते. परवा डॉक्टर सहज आले होते. चहाचे आधण तिच्यावर उतरवलेले त्यांनी बघितले. काही बोलले नाहीत. जिन्यावरून उतरताना मात्र कठडा धरून, एकेक पायरी, उजवा पाय जरा जपून टाकत उतरले. मी वरून बघत होतो. रात्री त्यांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "ते तुमचे गुडघ्याचे कोण आहेत, त्यांचा नंबर देऊन ठेवता का? आमच्या एका पेशंटसाठी हवाय."

मी जॉबरमामांचा नंबर दिला.